चिन्नोर लोळू नये म्हणून : धानाच्या वाणात जनुक संपादन कसे करावे

दिवाळीच्या आसपास एखादा अवकाळी पाऊस आला की भंडारा-गोंदियाच्या शिवारात उंच वाढलेले चिन्नोर बांधीत आडवे होते. लोंब चिखलाला टेकते, दाणा डागाळतो, कापणीची मजुरी वाढते आणि भरडताना कणी जास्त निघते. बुटक्या वाणांची रोवणी वाढत गेली आणि चिन्नोरसारखे सुवासिक देशी धान मागे पडले, त्याचे एक मोठे कारण हे लोळणे आहे. चिन्नोरचा वास आणि चव जशीच्या तशी ठेवून फक्त उंची कमी करता येईल का, हा एकच प्रश्न धरून जनुक संपादनाची, म्हणजे रोपाच्या डीएनएत ठरवलेल्या जागी बदल करण्याची, सगळी वाट या लेखात टप्प्याटप्प्याने सांगितली आहे. कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थी, प्रयोगशाळेत नुकतेच पाऊल टाकलेले संशोधक आणि आपल्या वाणात नेमके काय केले जाते हे समजून घेऊ इच्छिणारे शेतकरी डोळ्यांसमोर ठेवून मी लिहितो आहे. या कामात कात्री चालवणे हा सर्वांत सोपा भाग आहे. काम उभे राहते किंवा कोसळते ते त्याआधी धुऱ्यावर उभे राहून विचारलेल्या प्रश्नावर आणि नंतरच्या चार-पाच हंगामांच्या चिकाटीवर, असे माझे ठाम मत आहे.

कात्री नेमके काय करते

जनुक संपादनाची कात्री म्हणजे क्रिस्पर-कॅस९ हे साधन. त्याचे दोन भाग असतात. कॅस९ हे डीएनए कापणारे प्रथिन आहे, आणि ते कुठे कापायचे हे सुमारे २० अक्षरांचा जुळणी-भाग असलेला गाइड आरएनए, म्हणजे वाट दाखवणारा छोटा रेणू, सांगतो. (डीएनएचा मजकूर ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत असतो.) ही २० अक्षरे जनुकातील ज्या जागेशी जुळतात, तिच्या लगेच पुढे ‘कोणतेही एक अक्षर आणि त्यानंतर जी-जी’ अशी तीन अक्षरांची खूण असावी लागते. ती खूण, म्हणजे पॅम, नसेल तर कॅस९ तिथे थांबत नाही. खूण असेल तर ते पॅमच्या तीन अक्षरे आधी डीएनएचे दोन्ही धागे कापते. यानंतरचे काम वनस्पतीची पेशी स्वतः करते. ती तुटलेली टोके घाईने जोडते आणि जोडताना एखादे अक्षर वाढते किंवा काही अक्षरे गळतात. जनुकाच्या मजकुरात एक अक्षर वाढले तरी पुढची सगळी वाचणी सरकते आणि प्रथिन निकामी होते. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांनी २०१२ मध्ये या कात्रीचे तत्त्व मांडले, २०१३ मध्ये धान, गहू आणि तंबाखूत ती चालल्याचे दिसले आणि २०२० मध्ये दोघींना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

असे बदल निसर्गातही होत असतात. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या धानात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी ते दाणे जपून ठेवले, वर्षानुवर्षे वेगळे पेरून वाढवले आणि त्यातून एचएमटी हे वाण उभे राहिले. वेगळेपण ओळखणारी ही नजर जनुक संपादनातही लागते. फरक इतकाच की निसर्गात बदल कुठे होईल ते आपल्या हाती नसते, आणि इथे जागा आपण ठरवतो.

पहिला टप्पा : प्रश्न ठरवणे

संपादनाने सर्वांत खात्रीने साधते ते जनुक बंद पाडणे. म्हणून ज्या गुणासाठी एखादे जनुक बंद पडणे उपयोगाचे ठरते, असा गुण आधी शोधावा. उत्पादन वाढवायचे आहे, हा प्रश्न होत नाही, कारण उत्पादनामागे शेकडो जनुके आणि पाऊसपाणी दोन्ही असतात. उंचीचे मात्र तसे नाही. धानाच्या पहिल्या गुणसूत्रावरील एसडी१ हे जनुक जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक तयार करणाऱ्या एका एन्झाइमचा आराखडा बाळगते. ते बंद पडले की कांड्या आखूड होतात. हरितक्रांतीतील आयआर ८ हे वाण १९६६ मध्ये आले, त्याच्या बुटकेपणाचे मूळ याच जनुकातून ३८३ अक्षरे गळण्यात आहे. म्हणजे आपल्या प्रश्नाला निसर्गाने आणि पैदासकारांनी आधीच एकदा होकार दिलेला आहे, आणि सुरुवात करणाऱ्याने असाच प्रश्न घ्यावा.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. चिन्नोरचा बुटक्या वाणाशी संकर करून, मार्करच्या, म्हणजे हवे जनुक आले का हे दाखवणाऱ्या डीएनएतील खुणेच्या, मदतीने पुन्हा पुन्हा चिन्नोरशीच संकर करत गेल्यासही बुटके चिन्नोर मिळू शकते. ज्या संस्थेत टिश्यू कल्चरची, म्हणजे पेशींपासून डिशमध्ये रोप वाढवण्याची, सोय नाही तिथे हाच मार्ग शहाणपणाचा आहे. संपादनाचा फायदा हा की एसडी१ च्या शेजारी बसलेली परक्या वाणाची जनुके सोबत येत नाहीत, त्यामुळे वास आणि दाण्याचा पोत बिघडण्याची शक्यता कमी राहते.

दुसरा टप्पा : आपल्याच वाणातील जनुक वाचणे

एसडी१ ची ओळख माहितीसंचात ‘ओएस०१जी०८८३८००’ अशी आहे आणि त्याचा पूर्ण मजकूर आरएपी-डीबी या जपानी माहितीसंचात कोणालाही मिळतो. तो मजकूर मात्र निप्पोनबारे या जपोनिका वाणाचा आहे, चिन्नोरचा नाही. जपोनिका आणि इंडिका या धानाच्या दोन मुख्य गटांच्या एसडी१ मध्येच दोन अमिनो आम्लांचा फरक नोंदलेला आहे. म्हणून कोवळ्या पानापासून सीटॅब या रसायनाच्या पद्धतीने डीएनए काढावा, जनुकाचे तिन्ही एक्सॉन (प्रथिनाचा मजकूर असलेले तुकडे) पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीने, वाढवावेत आणि सँगर या अक्षरे वाचण्याच्या पद्धतीने दोन्ही बाजूंनी वाचून घ्यावेत. वाण मिश्र असेल तर आधी एकाच रोपाचे बी वाढवून शुद्ध करावे आणि निदान पाच रोपांचे वाचन जुळवावे. चिन्नोरचा एसडी१ मुळातच बिघडलेला नाही ना, याची खात्रीही याच वेळी होते.

या टप्प्याला मी सुरुवातीला महत्त्व दिले नव्हते. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी संगणकावरचा निप्पोनबारेचा मजकूर घेतला, गाइड निवडला, कॅस९ आणि गाइडच्या जनुकांची बांधणी केली, कॅलस (दाण्यापासून वाढवलेला पेशींचा गोळा) वाढवले आणि रोपे उभी केली. एकाही रोपात बदल नव्हता. शेवटी आपल्या वाणाचा तेवढाच तुकडा वाचून घेतला, तेव्हा दिसले की पॅममधील जी-जी पैकी दुसऱ्या जीच्या जागी आमच्या धानात ए होता. एका अक्षरासाठी आठ महिने गेले. हजार-दीड हजार रुपयांचे वाचन आधी केले असते तर ते गेले नसते.

तिसरा टप्पा : गाइडची निवड

आपल्या वाणाचा वाचलेला मजकूर क्रिस्पर-पी किंवा क्रिस्पॉर यांसारख्या मोफत साधनात टाकला की संभाव्य गाइडची यादी मिळते. तिच्यातून निवडताना गाइड पहिल्या एक्सॉनमध्ये असावा, कारण शेवटच्या टोकाला कापले तर अर्धवट का होईना चालणारे प्रथिन उरू शकते. जी आणि सी या अक्षरांचे प्रमाण ४० ते ६० टक्के असावे. सलग चार टी असलेला गाइड टाळावा, कारण गाइड लिहिणारे पॉलिमरेज हे प्रथिन तिथेच लेखन थांबवते. यू३ प्रोमोटर (जनुकाचे लेखन सुरू करणारा डीएनएचा भाग) वापरायचा असेल तर लेखन ए अक्षराने आणि यू६ असेल तर जी अक्षराने सुरू होणे सोयीचे असते.

सर्वांत जास्त वेळ मात्र परक्या जागांच्या तपासणीला द्यावा. पॅमजवळची १० ते १२ अक्षरे जुळणीत कळीची असतात. तिथे एकही अक्षर न बदलता दुसरीकडे जुळणी सापडत असेल तर तो गाइड सोडून द्यावा, बाकीचे गुण कितीही चांगले असले तरी. दोन वेगवेगळे गाइड घेऊन दोन्ही स्वतंत्रपणे चालवावेत. याचे कारण पुढे आठव्या टप्प्यात येईल.

चौथा टप्पा : बांधणी आणि जिवाणू

कॅस९ साठी मक्याचा युबिक्विटिन प्रोमोटर, गाइडसाठी धानाचा यू३ किंवा यू६ आणि निवडीसाठी हायग्रोमायसिन हे प्रतिजैविक सहन करण्याचे जनुक, असा संच एकाच बायनरी वाहकात, म्हणजे जनुके वाहून नेणाऱ्या गोल डीएनएत, बसवतात. तयार वाहक संशोधन संस्थांना मिळतात. आपल्याला फक्त गाइडची २० अक्षरे बीएसए-१ या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमच्या जागेवर बसवायची असतात. ई. कोलाय या जिवाणूत वाढवून मजकूर पुन्हा वाचून घ्यावा आणि मगच तो वाहक ईएचए १०५ सारख्या ॲग्रोबॅक्टेरियममध्ये, म्हणजे आपला डीएनए वनस्पतीच्या पेशीत सोडणाऱ्या जिवाणूत, घालावा. सोय असेल तर त्याआधी धानाच्या प्रोटोप्लास्टमध्ये, म्हणजे भिंत काढलेल्या पेशींत, गाइड चालतो की नाही हे दोन-तीन दिवसांत तपासता येते.

पाचवा टप्पा : दाण्यापासून रोपापर्यंत

बहुतेक देशी वाणांत काम अडते ते इथे, म्हणून या टप्प्याची तयारी कात्री हाती येण्याच्या आधीपासून करावी. पूर्ण पिकलेले, ताजे दाणे घ्यावेत. सालपट हाताने काढावे, गिरणीत नाही, कारण कोंब दुखावला की कॅलस येत नाही. दाणे ७० टक्के अल्कोहोलमध्ये मिनिटभर आणि नंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात धुऊन, निर्जंतुक पाण्याने पाच-सहा वेळा खळखळून घ्यावेत. मग ते लिटरला २ मिलिग्रॅम टू-फोर-डी असलेल्या माध्यमावर अंधारात सुमारे २८ अंशांवर ठेवावेत. धानातले रुंद पानाचे तण मारायला जे टू-फोर-डी आपण फवारतो, तेच इथे अत्यल्प मात्रेत पेशींना आपली ओळख विसरायला लावते आणि दाण्याच्या कोंबाजवळ कॅलसचा गोळा तयार होतो.

तीन-चार आठवड्यांनी डिश उघडली की दोन प्रकारचे कॅलस दिसते. एक पाणीदार, मऊ, फिकट आणि पसरट असते. दुसरे फिकट पिवळे, कोरडे आणि रव्याच्या दाण्यांसारखे सुटे असते. चिमट्याने दुसरेच उचलावे. देशी वाणांत कॅलस लवकर तपकिरी पडते. त्यासाठी नेहमीच्या साखरेऐवजी माल्टोज वापरणे, प्रोलिन हे अमिनो आम्ल घालणे आणि दर दोन आठवड्यांनी माध्यम बदलणे उपयोगी पडते. आपले वाण कॅलस देते का आणि त्या कॅलसपासून हिरवे कोंब फुटतात का, हे जिवाणू न लावता निदान दोनशे दाण्यांवर पाहून घ्यावे. तिथे उत्तर नाही आले तर पुढचा सगळा खर्च वाया जातो.

जिवाणू लावताना माध्यमात १०० ते २०० मायक्रोमोलर ॲसिटोसिरिंगोन असावे, म्हणजे जिवाणू आपला डीएनए पेशीत सोडायला तयार होतो. कॅलस जिवाणूंसोबत २५ अंशांच्या आसपास दोन-तीन दिवस ठेवून, जिवाणू मारणाऱ्या सेफोटॅक्झिमने धुऊन, लिटरला ५० मिलिग्रॅम हायग्रोमायसिनच्या माध्यमावर दोन-तीन फेऱ्या ठेवावे. जे कॅलस काळे पडते ते सोडावे. ज्यावर नवे पिवळे दाणे फुटतात ते पुनर्जननाच्या माध्यमावर उजेडात न्यावे. हिरवा ठिपका, मग कोंब, मग मुळे असा क्रम लागतो आणि सुरुवातीपासून चार महिने सहज जातात. रोपे कुंडीत लावण्याआधी आठवडाभर ओलसर झाकणाखाली ठेवावीत. पऱ्हे उपटून थेट उन्हात टाकले तर काय होते हे आपल्याला ठाऊक आहे, आणि ही रोपे पऱ्ह्यांहूनही नाजूक असतात.

सहावा टप्पा : पहिल्या पिढीची तपासणी

या रोपांना टी-शून्य पिढी म्हणतात. प्रत्येक रोपाच्या लक्ष्यजागेचा तुकडा पीसीआरने वाढवून वाचावा. वाचनाच्या आलेखात कापाच्या जागेपासून पुढे शिखरे एकमेकांवर चढलेली दिसली की तिथे दोन वेगळे मजकूर आहेत असे समजावे. ते वेगळे काढणारी आयसीई, टाइड यांसारखी साधने मोफत आहेत. धानात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. त्यामुळे दोन्ही प्रतींत सारखाच बदल, दोन्हींत वेगवेगळा बदल, एकाच प्रतीत बदल किंवा पानागणिक वेगळा मजकूर असलेले मिश्र रोप, असे चार प्रकार आढळतात. मिश्र रोपांवर विसंबू नये. गळालेल्या अक्षरांची संख्या तीनने भागली जात असेल तर प्रथिन जवळपास शाबूत राहू शकते, म्हणून असे रोप बाजूला ठेवावे. एक अक्षर वाढलेले किंवा चार-पाच गळालेले रोप निवडावे. एसडी१ चा बुटकेपणा अप्रभावी असल्याने दोन्ही प्रती बिघडल्याशिवाय तो दिसत नाही. उंची पाहून आत्ताच निष्कर्ष काढू नये, कारण टिश्यू कल्चरमधून आलेली रोपे तशीही खुरटी असतात.

सातवा टप्पा : कात्री बाहेर काढणे

टी-शून्य रोपात कॅस९ आणि हायग्रोमायसिनचे जनुक अजून बसलेले असते. ते असेपर्यंत रोप ट्रान्सजेनिकच, म्हणजे परके जनुक असलेलेच, आहे. स्वपरागणाने आलेल्या टी-एक पिढीत ते गळून पडते, कारण संपादन आणि कात्री बहुधा वेगवेगळ्या जागी बसलेली असतात. कात्री एकाच जागी बसली असेल तर चारांत एक रोप तिच्याशिवाय येते. टी-शून्य रोपाच्या दोन्ही प्रती आधीच बिघडलेल्या असतील तर ४८ रोपांत अशी सुमारे १२ मिळावीत. एकच प्रत बिघडलेली असेल तर दोन्ही अटी पुऱ्या करणारे रोप १६ मध्ये एक, म्हणजे ४८ मध्ये तीन. असे एक तरी रोप हाती लागण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर निदान ४७ रोपे तपासावी लागतात. दहा-बारा रोपे तपासून निराश होणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, म्हणून हा हिशेब मांडला. तपासणी फक्त कॅस९ ची करून थांबू नये. हायग्रोमायसिनचे जनुक आणि वाहकाच्या कण्याचे, म्हणजे पेशीत यायला नको असलेल्या उरलेल्या भागाचे, तुकडेही स्वतंत्र पीसीआरने पाहावेत.

हा टप्पा धानात सोपा आहे, विदर्भातल्या इतर पिकांत नाही. कापसाच्या अमेरिकन जातीत ए आणि डी असे दोन जनुकसंच असल्याने एकाच जनुकाच्या चार प्रती बिघडवाव्या लागतात, आणि कोकर ३१२ सारख्या जुन्या वाणातून रोप येते तसे आपल्या वाणांतून सहज येत नाही. सोयाबीनमध्ये बहुतेक जनुकांच्या जोड्या आहेत. तेलाची प्रत सुधारताना एफएडी२-१ए आणि एफएडी२-१बी ही दोन्ही एकदम बंद करावी लागतात. नागपुरी संत्र्याची अडचण आणखी वेगळी आहे. त्याच्या बियांतून बहुतेक रोपे आईचीच नक्कल म्हणून येतात आणि फळ धरायला वर्षे लागतात, त्यामुळे पुढच्या पिढीत कात्री गाळण्याचा मार्गच बंद होतो. तिथे जनुक न घालता तयार कॅस९ प्रथिन आणि गाइड थेट प्रोटोप्लास्टमध्ये सोडण्याच्या पद्धतीकडे वळावे लागते.

आठवा टप्पा : जनुकाचे काम सिद्ध करणे

बुटके रोप मिळाले म्हणजे एसडी१ चे काम सिद्ध झाले असे होत नाही. टिश्यू कल्चरमुळेही बदल होतात आणि कात्री दुसरीकडेही लागू शकते. म्हणून दोन वेगळ्या गाइडमधून आलेल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या निदान दोन ओळी (एकेका रोपापासून वाढवलेले वंश) सारख्याच बुटक्या असल्या पाहिजेत. तुलनेला मूळ चिन्नोरबरोबरच, त्याच कुटुंबातील पण संपादन न झालेली भावंडेही लावावीत. परक्या जागांची यादी संगणकाने दिलेली असते, त्यांतील पहिल्या आठ-दहा जागा वाचून घ्याव्यात. पैसे असतील तर अंतिम ओळीचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचावा.

एसडी१ साठी एक सुंदर आणि स्वस्त कसोटी आहे. हे जनुक जिबरेलिन तयार करते, तर बाहेरून जिबरेलिक ॲसिड दिल्यावर बुटकी रोपे पुन्हा उंच व्हायला हवीत. संत्र्याची फळगळ थांबवायला बागायतदार वापरतात तेच हे संजीवक. तीन पानांच्या रोपांवर सौम्य द्रावण फवारून आठवडाभर रोज कांडी मोजावी. बुटकी ओळ भावंडांच्या उंचीपर्यंत पोहोचली तर बिघाड नेमका जिबरेलिनच्या वाटेवर आहे, हे रोपच सांगते.

कायदा आणि बियाणे

भारतात हे काम संस्थात्मक जैवसुरक्षा समितीच्या परवानगीनेच आणि बंदिस्त हरितगृहातच सुरू करता येते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ३० मार्च २०२२ रोजी, बाहेरचा डीएनए शिल्लक नसलेल्या एसडीएन-१ (कापल्यावर पेशीने स्वतः जोडलेला बदल) आणि एसडीएन-२ (नमुना देऊन केलेला छोटा बदल) प्रकारच्या संपादित वनस्पतींना जनुकीय बदल केलेल्या जीवांसाठीच्या १९८९ च्या नियमांतील ७ ते ११ या नियमांतून सूट दिली, आणि जैवतंत्रज्ञान विभागाने १७ मे २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. आपले उदाहरण एसडीएन-१ मध्ये बसते. कात्री गळाल्याचा पुरावा समितीने मान्य करेपर्यंत मात्र एकही दाणा बाहेर जाता कामा नये. परके जनुक घातलेला एसडीएन-३ प्रकार जीएम पिकांच्याच वाटेने जातो.

४ मे २०२५ रोजी भारताने संपादित धानाची पहिली दोन वाणे जाहीर केली. हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेने सांबा महसुरीपासून डीआरआर धान १०० अर्थात कमला, आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने एमटीयू १०१० पासून पुसा डीएसटी राइस १ तयार केले. शेतकरी बांधवांना एक विनंती आहे. परवानगीविना विकल्या गेलेल्या चोर बीटी कापसाने आपल्याकडे काय केले हे आपण पाहिले आहे. कोणी बिलाशिवाय ‘संपादित’ म्हणून बियाणे विकत असेल तर घेऊ नये, कारण त्यात काय आहे हे डोळ्यांनी पाहून कोणालाच सांगता येत नाही. देशी वाणावर काम करणाऱ्या संस्थेनेही ते वाण जपणाऱ्या गावाची नोंद ठेवली पाहिजे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात त्यासाठी जागा आहे.

बांधीतली परीक्षा

परवानगी मिळाल्यावर चाचणी नेहमीच्या पैदाशीसारखीच असते. २० बाय १५ सेंटिमीटर अंतरावर एका जागी एकच रोप लावावे, मूळ वाण आणि दोन संपादित ओळींच्या किमान तीन पुनरावृत्त्या यादृच्छिक मांडणीत घ्याव्यात आणि नत्राच्या दोन मात्रा ठेवाव्यात, कारण लोळणे खरे दिसते ते नत्र जास्त पडल्यावर. उंची, फुटवे, लोंबीची लांबी, भरलेले आणि पोचट दाणे, लोळण्याचा कोन आणि तनसाचे वजन मोजावे. तनस विसरू नये. ज्या घरी गुरे आहेत त्या घरी धान बुटके झाल्याने चारा किती घटतो, हा प्रश्न आधी विचारला जातो.

आणि वास. माझ्या वडिलांना मी हे सगळे समजावले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “याचा वास गेला त मंग चिन्नोर कायचा?” त्यासाठी कापणीपर्यंत थांबावे लागत नाही. पानाचे दोन ग्रॅम बारीक तुकडे करून काचेच्या डिशमध्ये १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० मिलिलिटर द्रावणात टाकावेत, झाकण लावून दहा मिनिटे ठेवावेत आणि एकेक डिश उघडून हुंगावी. हे तीन जणांनी, डिशवरचे क्रमांक न पाहता करावे. तिघांपैकी एक तरी चिन्नोर लावून वाढलेला माणूस असावा, आणि त्याने मूळ वाणाची डिश संपादित ओळीपासून वेगळी ओळखली तर ती ओळ पुढच्या हंगामाला नेऊ नये.